डोंगळे, मधपेट्या आणि शेजारच्या द्राक्षबागा : एका हंगामाच्या प्रकल्प नोंदी

निफाड तालुक्यात ओझरच्या पूर्वेला आमच्या शिवारातील सात शेतकरी कांद्याचे उळे, म्हणजे बियाणे, विकत न घेता डोंगळे (बियाण्यासाठी फुलोऱ्यावर आणलेले कांदे) लावून स्वतःच तयार करतात. मागील दोन हंगामांत गोंडे (फुलांचे गुच्छ) मोठे आले, परंतु बोंडांत दाणा भरला नाही. पाण्यात टाकले की बरेचसे उळे तरंगत असे. कारण सर्वांना ठाऊक होते. डोंगळ्यांवर पूर्वी दिसणाऱ्या मधमाशा दिसेनाशा झाल्या होत्या आणि चारही बाजूंनी द्राक्षबागांची फवारणी चालू होती. म्हणून आम्ही सामायिक मधपेट्या आणण्याचे आणि त्यासाठी शेजाऱ्यांशी करार करण्याचे ठरविले. गटाची वही माझ्याकडे असल्याने या नोंदी मी लिहिल्या आहेत. निसर्गातील सहकार्यापासून गावाने शिकावे असे भाषणांतून पुष्कळदा सांगितले जाते. ते शिकणे प्रत्यक्ष शिवारात कोठे अडते, किती खर्चाचे पडते आणि कोणत्या रूपात टिकते, हे असे काम हाती घेऊ इच्छिणाऱ्यांना कळावे एवढाच यामागे हेतू आहे.

८ ऑक्टोबर २०२३

मारुतीच्या पारावर पहिली बैठक झाली. सातही जणांचे मिळून डोंगळ्यांचे क्षेत्र साधारण पाच एकर भरते. पेट्या विकत घेण्याऐवजी फिरत्या मधपाळाकडून फुलोऱ्यापुरत्या भाड्याने घ्याव्यात असे ठरले, कारण वसाहत वर्षभर सांभाळणे हे वेगळे काम आहे आणि त्यासाठी आमच्यापैकी कोणाला वेळ नाही. मधपाळाने मेलिफेरा (पेटीत पाळल्या जाणाऱ्या युरोपीय) माशीच्या पेट्या देण्याचे मान्य केले, पण पहिल्याच भेटीत विचारले, ‘बागाईतदारांशी बोलणे झाले आहे का?’ कामकरी माशी मकरंदासाठी सहज दोन-तीन किलोमीटर जाते. म्हणजे पेटी आमच्या बांधावर असली तरी तिचा जीव ज्यांचे डोंगळे नाहीत, ज्यांना या प्रकल्पाशी काही देणेघेणे नाही, अशा लोकांच्या हाती राहणार होता.

खरी अडचण तेव्हाच दिसली होती. थॉम्पसनसारख्या द्राक्षाला परागीभवनासाठी मधमाशीची गरज पडत नाही. बागाईतदाराने दिवसाची फवारणी टाळली तर खर्च त्याचा होतो आणि लाभ आम्हाला मिळतो.

२९ ऑक्टोबर

बागाईतदारांसोबत बैठक झाली. पेटीतील माशांच्या एकजुटीवर एका शिक्षकांनी मनापासून आणि चांगले भाषण केले. मधमाशा स्वतःपुरते पाहत नाहीत, तसे आपणही वागले पाहिजे, असा त्याचा आशय होता. सर्वांनी होकार दिला. फवारणीच्या आदल्या दिवशी फोन करायचा आणि शक्यतो संध्याकाळी फवारायचे, एवढेच तोंडी ठरले. कागदावर काहीही आले नाही, कोणी कोणाला कळवायचे ते नेमले गेले नाही, आणि संध्याकाळच्या फवारणीचा वाढीव मजुरीखर्च कोण सोसणार हा प्रश्न कोणी काढला नाही. त्या दिवशी सभागृहात जो सद्भाव होता त्याबद्दल मला शंका नाही. मात्र त्या सद्भावावर कोणतेही काम सोपविलेले नव्हते.

६ नोव्हेंबर

दिवाळीपूर्वी गोट, म्हणजे डोंगळ्यांसाठीचे कांदे, लावून झाले. मध्यम आकाराचे, एकसारखे, पक्क्या रंगाचे कांदे निवडून त्यांचा वरचा एक तृतीयांश भाग कापला आणि बुरशीनाशकात बुडवून सरीवर लावले. जोड कांदे व चिंगळी बाजूला काढली. या कामात सांगण्यासारखी अडचण आली नाही.

बांधाच्या कडेने मोहरीचे पट्टे पेरले. मधमाशा आकर्षित व्हाव्यात म्हणून बीजोत्पादनाच्या प्लॉटभोवती मोहरी किंवा धने पेरावेत, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. त्याचे पुढे काय झाले ते जानेवारीच्या नोंदीत आहे.

२७ नोव्हेंबर

काल निफाड तालुक्यासह जिल्ह्याच्या मोठ्या भागात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. आमचे डोंगळे अजून लहान असल्याने थोडक्यात वाचले. पातीवर गारांचे व्रण आहेत आणि करपा रोगाचा धोका आहे. शेजारच्या बागांत मात्र घड झडले, मणी फुटले, काड्यांना जखमा झाल्या. आज सकाळपासून प्रत्येक बागेत फवारणी चालू आहे आणि कोणी कोणाला फोन केलेला नाही.

आमच्यातील दोघे चिडले. माझे मत तेव्हाही वेगळे होते आणि आजही आहे. ज्याची वर्षाची कमाई डोळ्यांदेखत मातीत पडली आहे त्याने फोन केला नाही म्हणून त्याला स्वार्थी ठरविणे अन्यायाचे आहे. संकटाच्या दिवशी मोडतो तो करार मुळात चांगल्या दिवसांपुरताच केलेला असतो. पेट्या अजून आलेल्या नव्हत्या, त्यामुळे नुकसान झाले नाही, ही सुदैवाची गोष्ट.

१० डिसेंबर

केंद्र सरकारने ८ तारखेपासून ३१ मार्चपर्यंत कांद्याची निर्यात बंद केली. लिलाव बंद पडले, चांदवडला महामार्गावर आंदोलन झाले. भाव इतके उतरले की पुढच्या वर्षी उळे घेणार कोण, असा प्रश्न बैठकीत आला. दोन सभासद प्रकल्पातून बाहेर पडले. त्यांनी डोंगळे ठेवले, पण पेट्यांच्या खर्चात वाटा देण्यास असमर्थता कळविली. चौदा पेट्यांचा बेत दहावर आणला.

बाहेर पडलेल्यांच्या डोंगळ्यांवरही आमच्या माशा जाणारच होत्या आणि त्यांना फुकट लाभ होणारच होता. त्यांना अडविण्याचा कोणताही मार्ग नाही, म्हणून त्यावर बैठकीचा वेळ घालवू नये असे नानांनी सुचविले आणि ते सर्वांना पटले. नाना हे गटातील सर्वांत ज्येष्ठ. त्यांनी फक्त एक अट घातली: खर्चात वाटा नसला तरी फवारणीचे नियम त्या दोघांनाही लागू राहतील. दोघांनीही ती मान्य केली.

२४ डिसेंबर

या प्रकल्पातील सर्वांत महत्त्वाची बैठक आज झाली, म्हणून ही नोंद लांबली आहे.

ऑक्टोबरातील बोलणे का विरले याचा विचार करताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि ती मी बैठकीत मांडली. आम्ही आदर्श म्हणून पेटी घेतली होती, आणि पेटी म्हणजे एक कुटुंब असते. त्यातील कामकरी माशा एकाच राणीच्या मुली असतात, त्यांचा स्वतःचा वेगळा संसार नसतो, वसाहत जगली तरच त्यांचे काही मागे उरते. तेथेही सारे सद्भावावर सोडलेले नसते. एखाद्या कामकरी माशीने अंडी घातली तर इतर कामकरी माशा ती शोधून खाऊन टाकतात. शिवारातील शेतकरी एका कुटुंबातील नाहीत. प्रत्येकाचे कर्ज वेगळे, पीक वेगळे, मुलीचे लग्न वेगळे. त्यांना पेटीसारखे वागा असे सांगणे म्हणजे त्यांना नसलेले नाते गृहीत धरायला लावणे आहे. आम्हाला उपयोगी पडेल असे सहकार्य पेटीच्या आत नाही, ते पेटी आणि फूल यांच्यामध्ये आहे. फुलाला माशीबद्दल माया नसते आणि माशीला बियाण्याशी कर्तव्य नसते. दोन अगदी परके जीव, पण फूल मकरंदाच्या रूपाने रोख मोबदला देते, माशी तो घेऊन जाताना पराग वाहते, आणि मोबदला कमी पडला तर ती दुसऱ्या पिकावर निघून जाते. ही देवघेव कोट्यवधी वर्षे टिकली आहे.

नानांनी याला दुसरी बाजू जोडली. त्यांचे आजोळ बागलाणात मोसम नदीकाठी आहे आणि तेथील फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी शेतांच्या गटांना (फडांना) सामायिकपणे वाटण्याची जुनी रीत, त्यांनी लहानपणी पाहिलेली आहे. बंधाऱ्याचे पाणी पाटाने फडांत जात असे, एका फडात एका हंगामाला एकच पीक घेत, पाणी कमी असेल त्या वर्षी कोणते फड कोरडे ठेवायचे ते सर्वांनी मिळून ठरवीत, आणि पाणी देण्याचे काम ज्याच्या त्याच्या हातात न ठेवता पाटकऱ्याकडे असे. शेतकऱ्याने स्वतः दार उघडायचे नाही, हा नियम. नानांच्या मते त्या पद्धतीचा जीव पाटकऱ्यात होता. ओझरच्या लोकांनी दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या पाण्यासाठी १९९० नंतर बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने पाणी वापर संस्था उभ्या केल्या, त्या आमच्या डोळ्यांसमोर आहेत. कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणीच पोहोचत नव्हते, तेथे घनमापनाने पाणी मोजून घेणे आणि त्याचा हिशेब सर्वांसमोर ठेवणे यातून ते पोहोचू लागले. सामायिक साधनसंपत्ती लोक स्वतः कशी सांभाळतात याच्या अभ्यासासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. देखरेख करणारा माणूस वापरणाऱ्यांना उत्तरदायी असावा आणि नियमभंगाची शिक्षा पायरीपायरीने वाढावी, असे त्यांना टिकलेल्या बहुतेक व्यवस्थांत आढळले होते. आमच्या भागातील माणसांना हे अपरिचित नाही, आम्ही ते फक्त पाण्यापुरते मर्यादित ठेवले होते.

शिक्षा किती असावी यावर बराच वाद झाला. पेट्यांचे नुकसान करणाऱ्याकडून पूर्ण भरपाई घ्यावी, असे एकाचे म्हणणे होते. त्यावर मी सोयाबीनचे उदाहरण दिले. सोयाबीनच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू पिकाला नत्र देतात आणि बदल्यात साखर घेतात. ज्या गाठी नत्र देत नाहीत त्यांचा प्राणवायूचा पुरवठा झाड कमी करते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. झाड सगळ्या गाठी गाळून टाकीत नाही. जी गाठ काम करीत नाही तिच्यापुरता पुरवठा आवळते. हेच प्रमाण आम्ही धरले.

शेवटी दोन पानांचा करार लिहिला गेला. कीटकनाशकांची फवारणी २० जानेवारी ते फुलोरा संपेपर्यंत सायंकाळी साडेपाचनंतरच करायची. त्यात इमिडाक्लोप्रिड, फिप्रोनिल आणि लॅम्डा सायहॅलोथ्रिन यांची नावे स्पष्ट लिहिली. भुरी रोगासाठीचे गंधक सकाळी आठच्या आत चालेल, कारण थंडीत माशा उशिरा बाहेर पडतात. रात्री फवारल्यास पाने ओली राहून रोग वाढतो, हा बागाईतदारांचा आक्षेप खरा होता. म्हणून अंधार पडण्याआधी फवारणी उरकता यावी यासाठी दोन जादा मजुरांचा भत्ता आणि उशीर झाला तर ट्रॅक्टरवर लावायला दिवे, हा खर्च गटाने उचलायचा. फुलोरा निर्विघ्न पार पडला तर प्रत्येक सहभागी बागाईतदाराला अर्धा किलो उळे द्यायचे. नियम पहिल्यांदा मोडल्यास समज द्यायची, दुसऱ्यांदा उळ्याचा वाटा निम्मा करायचा, तिसऱ्यांदा वाटा आणि भत्ता दोन्ही बंद. आमच्या सभासदांपैकी कोणी नियम मोडला तर पहिल्यापासूनच दंड, कारण लाभ आमचा आहे.

फवारणीची सूचना घेणे, फळ्यावर लिहिणे आणि पेट्यांवर नजर ठेवणे यासाठी एका भूमिहीन शेतमजुराची नेमणूक केली. त्याला सर्वजण आता पाटकरीच म्हणतात. महिना दोन हजार रुपये आणि हंगामाअखेर दोन किलो उळे असा त्याचा मोबदला ठरला.

१४ जानेवारी २०२४

मोहरीचा पट्टा अंगावर आला. डोंगळ्यांचे पहिले गोंडे उमलू लागले तेव्हाच मोहरी ऐन फुलोऱ्यात होती, आणि शिवारात जेवढ्या सातेरी व फुलोरी या देशी मधमाशा शिल्लक आहेत त्या सगळ्या मोहरीवर गुंतल्या होत्या. डोंगळ्यांवर शुकशुकाट. कांद्याच्या मकरंदात पालाशचे (पोटॅशियमचे) प्रमाण जास्त असते आणि मधमाशीला ते आवडत नाही. जवळ दुसरे फूल मिळाले तर ती कांदा टाळते. म्हणजे आम्ही जे आकर्षण म्हणून पेरले तेच स्पर्धक झाले. आज मोहरी कापून गुरांना टाकली.

बियाण्याचा खर्च किरकोळ होता, पण पहिल्या गोंड्यांचा काळ गेला. पुन्हा असे करणाऱ्यांनी मोहरी ऑक्टोबरच्या सुरुवातीला पेरावी, म्हणजे तिचा बहर ओसरता ओसरता कांदा उमलेल. मोबदला देणारा एकटा आपण नसतो आणि दुसरा कोणी जास्त देत असेल तर भागीदार तिकडे जातो, ही गोष्ट बागाईतदारांशी करार करताना आम्ही लक्षात ठेवली होती; बांधावर मात्र ती निसटली.

२३ जानेवारी

साधारण दहा टक्के गोंडे उमलल्यावर पेट्या मागविल्या. आधी आणल्या तर माशा दुसऱ्या फुलांची वाट धरतात आणि मग तीच सोडत नाहीत. टेम्पो रात्री आला. लोखंडी स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, नाहीतर मुंगळे वर चढतात. पेट्यांची तोंडे पूर्वेला केली.

दुसऱ्याच दिवशी अडचण उभी राहिली. चार पेट्या ज्या बांधावर ठेवल्या होत्या त्याच वाटेने द्राक्षाच्या मजूर बाया जातात, आणि त्यांपैकी दोघींना माशा चावल्या. घाईने त्या पेट्या शंभर पावलांवर हलविल्या. संध्याकाळी पाहतो तो बाहेर गेलेल्या सगळ्या कामकरी माशा जुन्या जागी परत येऊन रिकाम्या स्टँडवर गोळा झालेल्या. माशी पेटीला ओळखत नाही, जागेला ओळखते. मधपाळाला फोन केल्यावर त्याने एक रिकामी पेटी जुन्या जागी ठेवायला सांगितली. रात्री तीत माशा शिरल्या आणि मग त्या नव्या जागी नेल्या. असे काही दिवस चालले, आणि त्या काळात चार पेट्यांचे काम जवळजवळ थांबले. पेटी हलवायची तर रोज दोन-तीन फूट, नाहीतर थेट तीन किलोमीटरच्या पलीकडे. मधला पर्याय नाही. वाटेचा विचार पेट्या उतरविण्यापूर्वी केला असता तर हे टळले असते.

२ फेब्रुवारी

थंडीमुळे सकाळी दहाच्या आधी पेट्यांवर हालचाल नसते. उन्ह तापल्यावर मी एका गोंड्याजवळ बराच वेळ बसून निरीक्षण केले.

एका गोंड्यात कित्येक शे फुले असतात आणि ती एकदम उमलत नाहीत. दोन-तीन आठवडे रोज थोडी थोडी उघडतात. भिंगातून पाहिले तर नुकत्याच उमललेल्या फुलात सहा पुंकेसर दिसतात. त्यांतील आतले तीन आधी फुटतात, मग बाहेरचे तीन. त्या वेळी मधली कुक्षीवृंताची काडी जेमतेम एक मिलिमीटर असते आणि पराग घेण्यास तयार नसते. पराग झडून गेल्यावर ती वाढते आणि मग तिचे टोक चिकट होते. म्हणजे फूल जेव्हा देणारे असते तेव्हा घेणारे नसते, आणि घेणारे होते तेव्हा त्याचा स्वतःचा पराग संपलेला असतो. त्याला दुसऱ्या फुलाकडून आलेलाच पराग लागतो आणि तो आणायला पाय असलेला कोणीतरी लागतो. माझ्यासमोर एक मेलिफेरा माशी गोंड्यावर उतरली, गोल फिरत फुलाफुलांत सोंड घालीत गेली, तिच्या पोटाखालचे केस पिवळसर धुळीने भरले होते, आणि तशीच ती दुसऱ्या ओळीतल्या गोंड्यावर गेली. त्यानंतर एक सातेरी आली, दोन सिर्फिड माशा आल्या, आणि एक साधी निळसर माशी बराच वेळ बसून राहिली. कांद्याच्या परागीभवनात मधमाशी नसलेल्या अशा माशांचाही वाटा असतो, फक्त त्यांना कोणी पेटीत ठेवीत नाही.

तुलनेसाठी प्रत्येक प्लॉटमधील काही गोंडे उमलण्यापूर्वीच मच्छरदाणीच्या कापडाने बांधून ठेवले आहेत.

९ फेब्रुवारी

सकाळी अकराच्या सुमारास पाटकऱ्याचा फोन आला. पश्चिमेकडील दोन पेट्यांपुढे मेलेल्या माशांचा थर होता. काही जिवंत माशा सोंड बाहेर काढून जमिनीवर थरथरत होत्या. शेजारच्या बागेत त्याच वेळी मिलीबग किडीसाठी कीटकनाशकाची फवारणी चालू होती. बागेच्या मालकाने करारावर सही केलेली होती.

चौकशीत कळले की मालकाने बाग या हंगामाला खंडाने दिली आहे. सही मालकाची, फवारणी खंडकऱ्याची, आणि खंडकऱ्याला करार आहे हेच माहीत नव्हते. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. फवारणीचा निरोप ज्याच्यापर्यंत जायला हवा त्याचे नावच आमच्या यादीत नव्हते. आम्ही यादी सातबाऱ्यावरून केली होती. त्याच संध्याकाळी पाटकऱ्याने शिवारभर फिरून प्रत्यक्ष पंप कोणाच्या हातात आहे त्यांची यादी केली, आणि ती मूळ यादीपेक्षा बरीच वेगळी निघाली. नवी यादी फळ्यावर लावली, प्रत्येकाला करार वाचून दाखविला, ज्यांना हवे त्यांचे अंगठे घेतले. दोन्ही वसाहती वाचल्या नाहीत. मधपाळाला प्रत्येकी चार हजार रुपये दिले.

१३ फेब्रुवारी

आज दंडाची पहिली अंमलबजावणी झाली आणि ती गटातील सभासदावर झाली. आप्पांनी फुलकिड्यांसाठी आपल्याच डोंगळ्यांवर दुपारी फवारणी केली. फुलकिडे खरोखर वाढले होते आणि संध्याकाळी वीज नव्हती, असे त्यांचे म्हणणे. ते गटाचे जुने आणि सर्वांच्या अडीअडचणीला धावणारे सभासद असल्याने दंड करायला कोणी धजत नव्हते. शेवटी नानांनी विचारले, ‘आप्पा, खंडकऱ्याला आपण काय सांगणार?’ आप्पांनी हजार रुपये काढून ठेवले. पाटकऱ्याने ती रक्कम फळ्यावर लिहिली. त्यानंतर बागाईतदारांकडून येणाऱ्या सूचना स्पष्टपणे वाढल्या. आप्पांचा दंड फळ्यावर वाचून मगच आम्ही हा करार खरा मानला, असे त्यांच्यापैकी एकाने मला सांगितले.

१८ फेब्रुवारी

एका बागाईतदाराने तक्रार केली की मधमाशा त्याच्या पाणी उतरलेल्या, म्हणजे पिकू लागलेल्या, मण्यांतील रस पितात आणि माल खराब होतो. माल निर्यातीचा असल्याने त्याची चिंता मोठी होती. पाटकरी, तो बागाईतदार आणि मी असे तिघे बागेत गेलो. माशा घडांवर होत्या हे खरे. पण एकेक मणी जवळून पाहिला तेव्हा माशी बसलेला प्रत्येक मणी आधीच तडकलेला, पक्ष्याने टोचलेला किंवा गांधीलमाशीने कुरतडलेला निघाला. मधमाशीच्या जबड्याला अखंड मण्याची साल फोडता येत नाही. तिने अखंड मण्यांवर नुसते फिरून पुढे जाताना त्याने स्वतः पाहिले आणि तक्रार मागे घेतली.

तरीही त्याची अडचण पूर्ण खोटी नव्हती, कारण माशा असताना मजूर घड हाताळायला घाबरतात. फुटके मणी रोज काढून टाकण्यासाठी आम्ही दोन बाया दिल्या, आणि माशा पाण्यासाठीही ठिबकच्या नळ्यांवर जात असल्याने पेट्यांजवळ गोणपाट टाकलेल्या उथळ पाट्यांत पाणी ठेवले. बागेतील वर्दळ कमी झाली. हे पाणी पहिल्या दिवसापासून ठेवायला हवे. पुढे काढणी जवळ येत गेली तशी निर्यातीच्या बागांत कीटकनाशके आपोआप थांबली, कारण काढणीपूर्व प्रतीक्षा काळ पाळला नाही तर माल अवशेष तपासणीत नापास होतो. तेवढा ताण हलका झाला.

२४ मार्च

गोंड्यांतील काही बोंडे फुटून काळे दाणे दिसू लागले की सकाळच्या दवात गोंडे खुडायचे, नाहीतर दाणे गळतात. काढणी टप्प्याटप्प्याने चालू आहे. मच्छरदाणीतील गोंडे वेगळे खुडले. त्यांत बहुतेक बोंडे पोकळ आहेत. उघड्या गोंड्यांत ती टणक आणि भरलेली आहेत. दोन्ही गोंडे शेजारी ठेवून बागाईतदारांना दाखविले, कारण त्यांनी संध्याकाळी फवारणी का केली हे त्यांना हातात घेऊन पाहता आले पाहिजे.

७ एप्रिल

उळे वाळवून, मळून, पाण्यात टाकून पोचट काढले आणि पुन्हा सावलीत सुकविले. गेल्या वर्षी एकरी दीड क्विंटलच्या आत राहिलेले उत्पादन यंदा अडीच क्विंटलच्या थोडे पुढे गेले. यातील सर्व वाढ माशांची आहे असे मी म्हणणार नाही, कारण यंदा करपा कमी होता. जाळीतील गोंडे हा अधिक भरवशाचा पुरावा आहे.

खर्च असा झाला: पेट्यांचे भाडे १८,००० रुपये, वाहतूक ५,०००, स्टँड व वाट्या २,२००, ट्रॅक्टरचे दिवे ३,६००, फवारणी मजुरांचा भत्ता ९,३००, मेलेल्या वसाहतींची भरपाई ८,००० आणि पाटकऱ्याचे तीन महिन्यांचे ६,०००, एकूण ५२,१०० रुपये. आप्पांच्या दंडाचे हजार रुपये त्यातून वजा केले. हा खर्च माणशी न वाटता डोंगळ्यांच्या क्षेत्राप्रमाणे वाटला. पाटकऱ्याला ठरल्यापेक्षा एक किलो उळे जास्त दिले, तरी त्याचा मोबदला कामाच्या मानाने कमीच आहे आणि पुढील वर्षी तो वाढविणे भाग आहे.

बागाईतदारांचे उळे वाटून झाले. त्यांतील दोघांनी ते घेतले नाही. त्याऐवजी त्यांच्या दोडक्याच्या मांडवाजवळ जूनमध्ये दोन पेट्या ठेवाव्यात अशी मागणी केली. दोडक्याला माशी लागतेच. ही मागणी मला उळ्याच्या वाट्यापेक्षा मोलाची वाटते, कारण आतापर्यंत आम्ही त्यांना त्यांच्या गैरसोयीचा मोबदला देत होतो आणि आता पेटीत त्यांचे स्वतःचे हित येत आहे. मधपाळाकडे जूनसाठी चौकशी केली आहे. पावसाळ्यात वसाहतीला साखरेचा पाक द्यावा लागतो आणि तो खर्च दोडक्यावाल्यांनी उचलायचा, असे तोंडी बोलणे झाले आहे. ते या महिन्याच्या बैठकीत कागदावर घ्यायचे आहे. खंडाने कसणाऱ्यांची यादी दसऱ्यानंतर, खंडाचे व्यवहार ठरले की लगेच, नव्याने करायची आहे. पूर्वेकडील एका बागाईतदाराने सहीला नकार दिला. पुढील हंगामात त्याच्या बांधाजवळ पेट्या न ठेवता सर्व पेट्या ओढ्याच्या पश्चिमेला घ्याव्यात, असे ठरले आहे.